पट लागला की नाटक ठरलेले

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कोंढ्याच्या परिसरात चुलीवर बैलांसाठी पाणी तापते. दिवसा तलावावर नेऊन धुऊन आणलेली जोडी कोठ्यात उभी असते. मानेवर जिथे जू टेकते तिथे वर्षभराच्या नांगरणी-चिखलणीने घट्टा पडलेला असतो. घरधनी त्या जागी हळद आणि तूप चोळतो, पळसाच्या पानांनी कोमट शेक देतो आणि चोळता चोळता त्याची बोटे खांदा तपासून घेतात. सूज उरली आहे का, कातडी कुठे सोलली आहे का, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जास्त दुखतो का. बैल आधी अंग चोरतो, मग मान खाली सोडतो. शेवटी त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते. ही खांदशेकणी. घरच्या माणसाला कोणी आवतण देत नाही, ते पाहुण्याला द्यायचे असते. वर्षभर गड्यासारखा राबलेला बैल त्या एका दिवसापुरता मानाचा पाहुणा होतो.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अड्याळच्या पुढे कोंढा लागते. शेजारच्या कोसऱ्याला जोडून लोक ‘कोंढा-कोसरा’ असेच म्हणतात. तालुक्याचे गाव पवनी, वैनगंगेच्या काठावरचे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. पवनीला भोसलेकाळाच्या खुणा सांगणारा किल्ला आहे, कोष्ट्यांच्या मागांची जुनी कीर्ती आहे. हा इतिहास ग्रंथांत नोंदलेला आहे. कोंढ्यासारख्या गावात माणसे जनावरांबरोबर कशी राहिली, सवड मिळाली की काय करायची, गावासाठी फुकट कोण राबायचे, हे मात्र कुठल्या टेकडीखाली सापडत नाही. ते पोळा, गोधन, मंडई, शंकरपट आणि नाटक यांतून वाचावे लागते. शहरात पाळीव जनावर, घरचा छंद आणि समाजसेवा या तीन निरनिराळ्या गोष्टी मानल्या जातात. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखात, ते एकाच दोराचे तीन पीळ होते. त्यातला एक कापला की उरलेले दोन कसे सैल पडतात, हे या भागाने २०१४ च्या शर्यतबंदीनंतर पाहिले.

धानाची शेती म्हणजे चिखलाची शेती. पावसाळ्यात बांधीत पाणी साठवायचे, माती कालवून तिचा लोण्यासारखा चिखल करायचा आणि मग पऱ्हे उपटून रोवणी करायची. गुडघाभर गाळात चालणारा बैल उंच आणि जड असून भागत नाही. पूर्व विदर्भातला देशी बैल म्हणूनच आटोपशीर बांध्याचा, कणखर खुरांचा आणि तणसावर निभावणारा राहिला. ‘कठाणी’ या नावाने ओळखली जाणारी ही जात. पलीकडे वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात उंच, पांढरी आणि चपळ. मराठ्यांच्या फौजांचे सामान वेगाने वाहून नेण्यासाठी ती जोपासली गेली, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. एक बैल चिखलाचा, एक बैल पळण्याचा. झाडीपट्टीच्या शेतकऱ्याला दोन्ही हवे असत. पहिला पोटासाठी, दुसरा हौसेसाठी.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत गावागावांत मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. गावाचे रोजचे जगणे या मालगुजारीभोवती बांधले गेले. पोळ्यात पहिला मान मालगुजाराच्या किंवा पाटलाच्या जोडीला. तिच्यामागे कुवतीप्रमाणे आणि मानाप्रमाणे बाकीच्या जोड्या. बिनबैलाच्या घरांनी कडेला उभे राहून पाहायचे. गावात कोण कुठे उभा आहे, हे त्या रांगेकडे एकदा पाहिले की कळायचे. हा क्रम प्रेमळ नव्हता, आणि पोळ्याच्या आठवणी काढताना तो विसरणे बरोबर नाही.

त्याच काळात आणि त्याहूनही आधी बांधलेले तलाव मात्र साऱ्या गावाच्या उपयोगाचे होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कोहळी समाजाची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे शेतकरी अशी आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव मोजले जातात. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. शेताला पाणी, ढिवरांना मासोळी, गुरांना पिणे आणि अंघोळ, सगळे त्या एका पाण्यावर. पावसाळ्याआधी पाळीवर माती टाकायची, पाटातला गाळ काढायचा, गेट नीट करायचे, ही कामे गावाने मिळून करायची. पाणी हवे तर कुदळ-फावडे घेऊन यावेच लागे. बैलही या कामाला जुंपले जात. ३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशातच होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तलाव सरकारचे झाले. अन्याय्य मालकी गेली हे उत्तमच झाले, पण तलाव सरकारचा झाल्यावर पाळीवरची माती कोणी टाकायची हा प्रश्न लोंबकळत राहिला आणि पुढच्या काही दशकांत शेकडो तलावांत गाळ आणि बेशरमाची झुडपे माजली.

सकाळी गावातली गुरे आखरावर गोळा होत. तिथून गायकी ती रानात नेई आणि दिवस मावळताना परत आणी. हे काम बहुतेक गावांत गोवारी समाजाकडे होते. कोणती गाय गाभण आहे, कोणती मारकी आहे, कोणते वासरू मागे राहते, हे गायकीला घरमालकापेक्षा जास्त ठाऊक असे. त्याचा मोबदला धान्याच्या रूपात मिळे आणि तो कधीच पोटभर नसे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, गोधनाला, मात्र गाव गोवाऱ्यांचे. गाई सजवायच्या, शेणाचा गोवर्धन करून त्यावरून गाय-वासरू चालवायचे, उंच बांबूला मोरपिसे बांधलेली ढाल नाचवायची. ढोल-बासरीच्या ठेक्यावर घरोघर फिरायचे आणि प्रत्येक अंगणातून मान घ्यायचा. चराईची राने आटली, गुरे कमी झाली, तशी गायकीची गरज संपत गेली. गोवारी समाजाने अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधानभवनावर मोर्चा नेला. तिथल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बायका-मुले होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांची गुरे एकही न हरवता घरी आणली, त्यांच्या वाट्याला हे आले. झाडीपट्टीतल्या जनावरांचा कोणताही इतिहास या तारखेला टाळून लिहिता येत नाही.

गोधन झाले की मंडई. दिवाळीनंतरच्या दिवसांत एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, ठरलेली असते. दुकाने, पाळणे, मिठाई, पाहुणे, दिवसा किंवा रात्री दंडार, भंडाऱ्याकडे खडी गंमत ही लोकनाट्ये. तणसाची गादी केलेल्या खासरात, म्हणजे बैलगाडीत, बायका-पोरे बसत, रेंगीला, म्हणजे हलक्या गाडीला, झूल घातलेली जोडी जुंपून तरुण पुढे निघत. बहिणीच्या, मावशीच्या गावाला जायचे निमित्त मंडईचे असे आणि मुलगी पाहायचे निमित्तही तेच. झाडीपट्टीत कितीतरी सोयरिकी मंडईच्या आणि नाटकाच्या गर्दीत ठरल्या आहेत.

धान कापून, चुरून, पोती घरात गेली आणि बांध्या कोरड्या पडल्या की पटाचे दिवस येतात. शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, लागते दाण. म्हणजे शेजारी-शेजारी आखलेल्या दोन सरळ धावपट्ट्या. ज्यांची शेते सलग आहेत त्यांनी ती द्यायची, धुरे फोडून जमीन एकसारखी करायची, ढेकळे फोडायची, दगड वेचायचे. हे काम पैसे घेऊन कोणी करत नाही. हलक्या छकड्याला जोडी जुंपतात. छकडा म्हणजे जेमतेम दोन चाके, एक आख आणि पाय टेकण्यापुरती जागा. त्यावर धुरकरी चढतो. सुटायच्या ठिकाणी दोन्ही जोड्या समोरासमोर नव्हे तर बाजूबाजूला उभ्या राहतात. त्यांना तिथे स्थिर धरून ठेवणे हीच मोठी कसरत, कारण पटाचा बैल दाण ओळखतो आणि झेंडी पडायच्या आधीच पुढचे पाय नाचवू लागतो. झेंडी पडते आणि काही सेकंदांत सगळे संपते. पूर्वी कोणाचे शिंग पुढे, यावर वाद होत आणि कधी कधी तो वाद वर्षभर पुरे. आता सेकंदाचे अंश दाखवणारी घड्याळे आली, वादाचे तोंड थोडे बंद झाले.

पटाची जोडी नांगराला क्वचितच लावतात. तिची निगा म्हणजे घरातल्या सर्वांचे काम. पहाटे आजोबा उठून वैरण टाकणार, मुलगा तिला चालवायला नेणार, सून ढेप-सरकी भिजवणार, नातवंडे अंगावरचे गोचीड काढणार. पटावरून जिंकून आलेल्या बैलाला दारात ओवाळतात. हरून आलेल्यालाही ओवाळणारी घरे आहेत. हिशेबाने पाहिले तर पटाची जोडी हा तोट्याचा व्यवहार, कारण बक्षिसापेक्षा खुराक जास्त. तरी घरात पिढ्यान्‌पिढ्या ती ठेवली जाते, कारण ती त्या घराची ओळख असते. पंचक्रोशीत माणसाला त्याच्या जोडीच्या नावाने ओळखणे ही तिथली साधी रीत आहे.

ही हौस पुरुषांची म्हणून सांगितली जाते, ते अर्धेच खरे. पटाच्या दोन-तीन दिवसांत एकेका घरी उतरणाऱ्या पाहुण्यांच्या पंगती बायकाच उठवत आल्या आहेत. कोठ्यातले शेण-मूत, वासरांचे दूध-पाणी, आजारी जनावराची रात्रभरची राखण त्यांच्याच वाट्याची. धुरकरी म्हणून त्यांचे नाव फार उशिरा लागले. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध शंकरपटात स्त्रिया स्वतः छकडा हाकतात आणि तो दिवस पाहायला लांबून लोक येतात. झाडीपट्टीतल्या गावांनी हा धडा आणखी मोकळ्या मनाने घ्यायला हवा.

पट लागला की नाटक ठरलेले. दिवसभर पट पाहायला आलेले हजारो लोक रात्री परत जाणार कसे आणि राहिले तर करणार काय, या साध्या गरजेने दोन्हींची सांगड पक्की केली. झाडीपट्टीची रंगभूमी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत. पुढे शिकलेली पोरे, शाळामास्तर, गावातला पेटीवाला असे जमून बसवलेली गावचीच नाटके आली. धान चुरता चुरता पाठांतर व्हायचे, तालमी देवळात किंवा पाटलाच्या ओसरीवर. स्त्रीची भूमिका मिसरूड न फुटलेल्या पोराकडे. रंगमंच बैलगाड्यांच्या चौकटींवर फळ्या टाकून उभा राहायचा, पडदे घरोघरच्या लुगड्यांचे. हे सगळे फुकटचे श्रम होते आणि त्यांतून जमलेली रक्कम देऊळ, शाळेची खोली, विहिरीचा कठडा अशा कामी लागायची.

नंतर नाटक व्यवसाय झाले. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या मंडळ्यांना रोज वेगळ्या गावची तारीख असते. गावातले मंडळ एकरकमी ठरवून नाटक आणते, तिकिटे लावते, मंडप घालते. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. गावकऱ्यांच्या हातून अभिनय गेला खरा, पण आयोजन गेले नाही. वर्गणी गोळा करणे, पोस्टर लावणे, तिकीटखिडकी सांभाळणे, मध्यरात्री चहा पोचवणे, दंगा करणाऱ्याला गोडीगुलाबीने बाहेर काढणे, आणि सकाळी हिशेब गावासमोर वाचणे, हे सारे गावातले तरुणच करतात. गावातल्या पोरांना हिशेब ठेवायला, परवानगीचा अर्ज लिहायला, शंभर माणसांचे काम वाटून द्यायला पटाने आणि नाटकाने शिकवले. कोणत्याही शिबिराने हे इतके चांगले शिकवले नसते.

गावसेवेला या भागात आणखी एक धागा मिळाला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ मध्ये जन्मलेल्या महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला आश्रम उभारला, १९५५ मध्ये ग्रामगीता लिहिली आणि १९६८ मध्ये देह ठेवला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भाच्या खेड्याखेड्यांत पोचल्या. पहाटे गावसफाई, रामधून, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, हा त्यांचा कार्यक्रम. पशुबळीला त्यांचा कडक विरोध होता. प्रार्थनेला जात पुसली जात नसे, आणि झाडूही सर्वांच्या हाती सारखाच असे. पोळ्याच्या रांगेत ज्याला सगळ्यात मागे उभे राहावे लागे तो इथे पहिल्या ओळीत बसू शकत होता. सामूहिक कामातला मालगुजारीचा धाक गेल्यावर ते काम स्वेच्छेने करायचे असते ही जाणीव ज्यांनी खेड्यात रुजवली, त्यांत हे मंडळ अग्रभागी आहे.

मुलांचा वाटा तान्ह्या पोळ्याचा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लाकडी बैलांचा पोळा भरतो. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे भोसले घराण्याची परंपरा सांगते. वाढ्याने, म्हणजे सुताराने, घडवलेला सागवानी बैल, पायांखाली पाटा आणि पाट्याला चाके. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर उरलेल्या कापडाची झूल. दोरी धरून मूल घरोघर जाते, बैलाला ओवाळले जाते आणि मुलाच्या हातावर बोजारा पडतो, म्हणजे पैसे किंवा खाऊ. कित्येक घरांत आजोबांचा लाकडी बैल नातवाकडे आलेला असतो. एखादे चाक बदललेले, एक कान तुटलेला, रंगांचे थर एकावर एक चढलेले. ज्या घरात खरा बैल कधीच नव्हता त्या घरातही लाकडी बैल असतो. मोठ्या पोळ्याने ज्यांना कडेला उभे केले त्यांच्या मुलांना तान्ह्या पोळ्याने रांगेत घेतले. आता गावोगावची तरुण मंडळे या दिवशी सजावटीच्या आणि वेशभूषेच्या स्पर्धा ठेवतात.

शंकरपटावरचे संकट दिल्लीहून आले. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये खेळासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदा ठरवल्या. त्या निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला होता. भूक-तहानेपासून, त्रासापासून, वेदना-आजारापासून, भीतीपासून मुक्ती, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. न्यायालयाने दाखवलेले दोष खोटे नव्हते. तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर टोचणे, शेपटी पिरगाळणे, हे पटांत होत होते आणि ते पाहणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच बैलाचा खांदा पोळ्याला शेकणारे होते. घरात एक आणि दाणीवर दुसरे, हे वागणे कोणत्याही परंपरेच्या नावाखाली झाकता येत नाही. हौशी लोकांनीच आर आधी मोडून टाकली असती तर न्यायालयाला बोलावे लागले नसते.

बंदीने मात्र फक्त पट थांबला नाही. ज्या गावांत पटानिमित्तच नाटक व्हायचे, तिथे नाटकाचीही तारीख गेली. नाटक नाही म्हणून तिकिटाची शिल्लक नाही, शिल्लक नाही म्हणून देवळाचा मंडप किंवा शाळेची भिंत तशीच. दाण करायला जमणारी पोरे जमेनाशी झाली. पटाच्या जोड्या घरात होत्या, पण त्यांना पोसायचे कशासाठी? त्यातच शेतात ट्रॅक्टर सर्वत्र पोचला. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि थकलेल्या जनावराचे काय करायचे हा प्रश्न गरीब शेतकऱ्यापुढे उभा राहिला. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातील नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटली. बैल कमी होण्यामागे शर्यतबंदी हे एकमेव कारण नव्हते, सर्वात मोठेही नव्हते. पण ज्या देखण्या, चपळ बैलांना केवळ हौसेने ठेवले जाई त्यांचा शेवटचा आधार तिने काढून घेतला.

राज्याने २०१७ मध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली, पण मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती रोखली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, पशुवैद्यकाने बैल तपासावा लागतो, काठी-चाबूक चालत नाही, धावपट्टी १ हजार मीटरपेक्षा लांब नसावी लागते. क्रौर्य केले तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. मधल्या काळात, २०२२ मध्ये, गुरांमध्ये लम्पीची साथ आली आणि बाजार-शर्यती पुन्हा बंद झाल्या. गोठ्या-गोठ्यांत लसीकरणासाठी पशुवैद्यकांबरोबर गावातली मुले फिरली. पूर्वी गावे ओस पाडणारी बुळकांडी लसीकरणानेच संपली होती. भारत त्या रोगातून मुक्त झाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. तेव्हाही सुईमागचे कष्ट जनावर धरून ठेवणाऱ्या गावकऱ्यांचे होते.

दरम्यान कोंढ्याभोवतीची जमीनही बदलली. पवनी तालुक्यातल्याच गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. वैनगंगेचे पाणी फुगले, गावे उठली, आणि उठलेल्या गावांबरोबर त्यांची आखरे, त्यांच्या मंडईच्या तारखाही उठल्या. नवीन ठिकाणी घर मिळते, दाणीची जागा मिळत नाही. २०१२ मध्ये उमरेड-करांडला अभयारण्य झाले आणि पवनीकडचे रान वाघाचे म्हणून राखले गेले. नागझिऱ्याहून आलेला ‘जय’ हा वाघ तिथे नावारूपाला आला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. वाघ वाढले हे सुख आहे. चराईला जाणारे जनावर संध्याकाळी परत येईल का, ही धास्ती मात्र काठावरच्या घरांना रोजची झाली.

फुकट राबण्याची जुनी सवय या मुलखातून गेलेली नाही, तिने वाट बदलली आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या स्त्रिया-पुरुषांबरोबर मामा तलावांतले बेशरम उपटून तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या आधाराने देशी मासे परतले, पाखरे परतली. गोंदिया-भंडाऱ्यात महाराष्ट्रातले शेवटचे सारस उरले आहेत. दर उन्हाळ्याच्या अखेरीस गोंदियाच्या ‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी पहाटे धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी बसून त्यांची मोजणी करतात. ज्या शेतात सारसाचे घरटे आहे त्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवलेले असते.

२०२३ हे वर्ष झाडीपट्टीच्या या सगळ्या जगण्यासाठी विलक्षण ठरले. वर्षाच्या सुरुवातीला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नव्याने नोंदवलेल्या जातींमध्ये कठाणी गोवंशाचे नाव आले. चिखलातल्या त्या लहानखुऱ्या बैलाची सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून दखल घेतली गेली. जानेवारीतच झाडीपट्टी रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीच्या या शेतकरी नटाने ५ हजारांहून अधिक प्रयोग केले आहेत. आणि मे महिन्यात शंकरपट कायदेशीर ठरला. जनावर, रंगमंच आणि पट, तिन्हींना सहा महिन्यांच्या आत मान्यता मिळाली.

ज्यांनी धुरे फोडून दाण केली, मंडप घातला, रात्रभर तिकिटे फाडली त्यांची यादी मात्र कोणत्याच दप्तरात नाही. ती गावोगावच्या मंडळांच्या जुन्या वह्यांत आहे आणि पट आणि नाटकाच्या पिवळ्या पडलेल्या पोस्टरांच्या तळाशी, ‘आयोजक’ आणि ‘सहकार्य’ या शब्दांपुढे बारीक टायपात छापलेली आहे. कोंढा-कोसऱ्यासारख्या गावांतल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी ही पोस्टरे आणि वह्या आता गोळा करायला हव्यात. वाळवी लागायच्या आत त्यांची छायाचित्रे काढावीत, आणि ज्यांना जोड्यांची, गायकींची, नटांची नावे अजून तोंडपाठ आहेत त्यांच्याकडून ती लिहून घ्यावीत. त्यासाठी दिवाळीनंतरचे चार महिने सोयीचे आहेत. त्या दिवसांत सांगणारी माणसे मंडईला, पटाला आणि नाटकाला एकत्र सापडतात.